हिशेब विचारणे म्हणजे संशय घेणे नव्हे



वार्षिक सर्वसाधारण सभा जवळ आली की गावोगावच्या पारावर आणि गट ऑफिसच्या ओट्यावर एकच बोलणे सुरू होते. “कारखान्यात चोऱ्या होतात.” काय चोरीला गेले, किती गेले, कोणत्या वहीत कमी पडले, असे विचारावे तर उत्तर येते, “अहो, सगळेच खातात, कोणाकोणाचं नाव घ्यावं!” सभेच्या दिवशी दहा मिनिटे आरडाओरड होते. मग ‘मंजूर, मंजूर’ अशा आरोळीत ताळेबंद मंजूर होतो आणि मंडळी पंगतीकडे वळतात. पुढच्या वर्षी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आम्ही स्वतः कारखान्याचे नोकर आहोत. नोकरांच्या चोरीवर नोकरानेच लिहावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु शेतात बांडगुळ कुठे धरते हे शेतात राबणाऱ्यालाच आधी दिसते. आम्हांस सांगावयाचे आहे ते एवढेच, की चोरी शोधणे ही एक विद्या आहे. बेणेप्रक्रिया जशी शिकावी लागते तशी हीही शिकावी लागते. न शिकता घेतलेल्या संशयाने दोन गोष्टी होतात. निरपराध माणूस मारला जातो आणि खरा चोर शहाणा होतो.

सुतळीच्या गाठी

आमचे बालपण जंगलपट्ट्यात गेले. जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. आमचे गाव त्या दोन्हींच्या शिवेवरचे. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे जंगलात जायचे, पाने खुडायची, घरी येऊन सगळ्या कुटुंबाने पुडे बांधायला बसायचे. सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांचे एक प्रमाण पोते. संध्याकाळी पुडे फळीवर न्यायचे. तिथे ठेकेदाराचा मुन्शी ते मोजून घेई आणि वहीत आकडा मांडी. पैसे मात्र हंगाम संपल्यावर.

आमच्या आईला अक्षरओळख नव्हती. ती काय करी, तर फळीवरून परतली की प्रत्येक शेकड्यामागे सुतळीला एक गाठ मारी. दिवस संपला की त्या जागी चिंधीचा एक तुकडा बांधी. सुतळी खुंटीला टांगलेली असे.

एका वर्षी पैसे घ्यायच्या दिवशी मुन्शीच्या वहीत सव्वीस शेकडे निघाले. सुतळीला गाठी एकतीस. शेजारच्या बाया तावातावाने ओरडू लागल्या. आई ओरडली नाही. तिने सुतळी मुन्शीपुढे ठेवली आणि म्हणाली, “बापा, हे माही वही हाय. तुमची काढा, दिवसाच्या दिवसानं मिळवून पाहू.” मिळवून पाहिले. तफावत फक्त दोन दिवसांची होती. त्या दोन दिवशी मुन्शी तापाने आजारी होता आणि त्याच्या जागी दुसराच कोणी बसला होता. मुन्शी स्वतः खजील झाला. पाच शेकड्यांचे पैसे मिळाले आणि त्या दोन दिवसांचे इतर बायांचेही निघाले.

पुढे आम्ही कृषी पदविका घेतली, अनेक शिबिरे केली, पण हिशेब तपासण्याचा याहून चांगला धडा आम्हांस कोणी दिला नाही. एक, आपली नोंद आपल्याकडे हवी. दोन, ती समोरच्याच्या नोंदीहून वेगळ्या हाताने झालेली हवी. तीन, एकूण बेरजेवर भांडू नये, दिवसाच्या दिवसाने मिळवावे. चूक कुठे आहे ते तिथेच दिसते. आणि चौथे म्हणजे, मोजून होईपर्यंत कोणाला चोर म्हणू नये.

आमची सही

आता आमच्याच चुकीची गोष्ट सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला आम्ही दुसऱ्या एका कारखान्यात होतो. त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. तिथल्या एका गट गोदामात खताची पोती कमी भरली. सभेत गदारोळ झाला. “रात्री गोदामाशी कोण असतो? चौकीदार!” एवढ्यावर त्या गरीब माणसाला काढून टाकण्यात आले. पोती किती आली, किती वाटली, कोणाला वाटली, हे कोणी मांडून पाहिले नाही. आम्हीही पाहिले नाही.

त्यानंतर दोन वर्षे गोदामात एक पोते कमी पडले नाही. सगळे म्हणाले, पाहा, चोर गेला, चोरी थांबली. मग एक म्हातारे सभासद उसाचे बिल घेऊन आमच्याकडे आले. “साहेब, मी बारा पोती उचलली. कपात वीस पोत्यांची कशी?” आम्ही खत पावत्यांचे बुक मागवले. वीस पोत्यांची पावती होती आणि तिच्यावर सही आमची होती.

झाले होते ते असे. लागणीच्या गर्दीत गोदामाचा कारकून संध्याकाळी पावत्यांचा गठ्ठा आणी आणि आम्ही न वाचता सह्या करू. कधी कधी कोऱ्या पावतीवरही. पहिल्या गदारोळाने तो पकडला गेला नव्हता. पोती कमी दिसू द्यायची नाहीत, एवढे तो त्यातून शिकला होता. बाहेर विकलेली पोती तो सभासदांच्या नावावर टाकी. ज्यांची कपात मोठी, जे बिल वाचत नाहीत, जे वारले पण खाते चालू आहे, अशांची नावे तो निवडी.

तेव्हा आम्ही चार कागद शेजारी शेजारी मांडले. खत आल्याची चलने, पावती बुक, सभासदांचे खाते आणि ऊस नोंदीचे रजिस्टर. ज्याच्या नावावर एक एकर ऊस त्याने चाळीस पोती कशाला उचलावी? अशी नावे काढली आणि घरोघर जाऊन विचारले. महिनाभरात सगळे बाहेर आले. कारकुनावर गुन्हा दाखल झाला. आमच्यावरही ठपका आला आणि तो योग्यच होता.

चौकीदाराला शोधत आम्ही गेलो तेव्हा तो दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला होता. आम्ही माफी मागितली. तो एवढेच म्हणाला, “साहेब, तवा एकानं तरी पोते मोजले असते, त मी वाचलो असतो.” त्याला थकीत पगार मिळाला. मात्र तोवर त्याच्या मुलीची ठरलेली सोयरीक चोराची मुलगी म्हणून मोडली होती. ती काही कारखान्याला भरून देता आली नाही.

चोर सोडून संन्याशाला सुळी ही म्हण आपण शाळेत पाठ करतो. ती सुळी आपल्याच ओरड्याने उभी राहते, हे मात्र आम्हांस त्या दिवशी समजले.

माणूस चोरी का करतो?

नोकराचा अपहार ही आजची गोष्ट नाही. कौटिल्याने आपल्या ‘अर्थशास्त्रा’त सरकारी द्रव्य खाण्याचे चाळीस प्रकार गणले आहेत. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा अडाणी शेतकऱ्याला लिहिणाऱ्या हाताने कसे नाडले जाते, हेच त्यांचे दुखणे होते. अमेरिकेतील डोनाल्ड क्रेसी या अभ्यासकांनी तुरुंगात जाऊन, विश्वासाने सोपवलेला पैसा खाल्लेल्या कैद्यांशी बोलून १९५३ साली एक पुस्तक लिहिले. त्यांच्या विचारावरून पुढे तीन कोनांचा एक त्रिकोण मांडला गेला. माणसाला कोणाजवळ बोलता येत नाही अशी पैशाची अडचण असते. समोर संधी असते. आणि “मी फक्त उसना घेतोय, पुढच्या महिन्यात टाकून देईन” अशी मनाची समजूत असते. तिन्ही जुळले की हात पुढे जातो.

यातील माणसाची अडचण आणि त्याच्या मनाची समजूत आपल्या हाती फारशी नाही. संधी मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे. जो माणूस माल घेतो, तोच देतो, तोच लिहितो आणि त्याची वही दुसरा कोणी उघडत नाही, तिथे आपण स्वतःच संधी निर्माण केलेली असते. कुंपण शेत खाते हे खरे, पण कुंपणाला एकटे सोडले कोणी?

नागपूर आणि मेंढा

ही बाब फक्त कारकुनांची नाही. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने २००१-०२ च्या सुमारास सरकारी रोखे घेण्यासाठी खाजगी दलाल कंपन्यांकडे पैसे दिले. पैसे गेले, रोखे हाती आले नाहीत. २००२ साली प्रकरण उघडकीस आले तेव्हा रक्कम सव्वाशे कोटींहून अधिक होती. अशीच झळ वर्धा आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्हा बँकेलाही लागली. नागपूरच्या खटल्याचा निकाल लागला डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे एकवीस वर्षांनी. न्यायालयाने तत्कालीन अध्यक्षांसह सहा जणांना पाच वर्षांची शिक्षा दिली आणि तिच्याविरुद्ध वरच्या न्यायालयात दाद मागण्यात आली. शिक्षा होईल न होईल. पण मधल्या काळात ज्या कास्तकारांना पीककर्जासाठी हेलपाटे पडले त्यांची ती वर्षे कोण परत देणार? पैसे गेल्याची नोंद आणि रोखे आल्याची नोंद वेळीच समोरासमोर मांडल्या गेल्या असत्या, तर एवढा डोंगर साचला नसता. सुतळी आणि मुन्शीची वही, यापलीकडे त्यात काय होते?

आता गडचिरोलीकडे पाहा. धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचे लहानसे गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाने प्रसिद्ध केली. या गावाला २००९ साली अठराशे हेक्टरांच्या आसपास जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबू वाहतुकीच्या परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. ज्या जिल्ह्यांतला बांबू वर्षानुवर्षे कागद कारखान्याला जात असे, तिथे गाव स्वतः बांबू विकू लागले.

हे अधिकार आकाशातून पडले नाहीत. देवाजी तोफा आणि गावकरी यांनी, मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने, त्याआधी कित्येक वर्षे अभ्यास गट चालवले होते. रीत अशी, की एखाद्या प्रश्नावर आधी बसून अभ्यास करायचा, माहितगार माणसाला बोलावून विचारायचे, कायदा समजून घ्यायचा; निर्णय मात्र ग्रामसभेत, तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. अभ्यास वेगळा आणि निर्णय वेगळा. त्यामुळे सभेत बोलणाऱ्याला आपण काय बोलतो हे माहीत असते.

पुढे वनहक्क कायदा आणि पेसा यांच्या आधाराने त्या भागातील अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा व्यवहारही स्वतः पाहू लागल्या. तिथे सगळे आलबेल आहे असे आम्ही म्हणत नाही. ठेकेदारांनी पैसे थकवल्याचे प्रकार झाले, हिशेबावरून गावात वादही झाले. परंतु पूर्वी मुन्शीची वही हीच एक वही होती. ग्रामसभा स्वतः व्यवहारात उतरली की दुसरी वही गावाची होते. हा फरक लहान नाही.

जंगलातल्या माणसाने हे शिकून घेतले. आपण बागाईतदार, मुले इंजिनियर झालेली, आणि उसाचे बिल उघडून न पाहता पाटात सरकवून ठेवणारे!

सभासदाने काय पाहावे?

पहिली गोष्ट काट्याची. भरल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन आणि वेळ, या तिन्ही गोष्टी पावतीवर आहेत की नाहीत ते पाहा. रिकाम्या गाडीचे वजन प्रत्येक खेपेला झाले पाहिजे. मागचे वजन पुढे चालवू देऊ नका. शंका असल्यास बाहेरच्या काट्यावर वजन करून आणण्यास कोणी अडवू शकत नाही. काट्याची तपासणी वैधमापन विभाग करतो. त्याचा शिक्का आणि तारीख पाहा.

दुसरी उताऱ्याची. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्यास टनाला ३४०० रुपये एफआरपी होती आणि त्यापुढे-मागे दर ०.१ टक्क्याला टनामागे ३३ रुपये २० पैशांचा फरक पडत होता. साडेनऊ टक्क्यांच्या खाली मात्र कपात नव्हती. म्हणजे प्रयोगशाळेच्या वहीत दशांश चिन्हानंतरचा एक आकडा इकडचा तिकडे झाला, तर शंभर टनवाल्या सभासदाचे ३३२० रुपये हलतात. भंगाराच्या चार लोखंडी पट्ट्या गेल्या म्हणून आपण गेटवर बोंब मारतो. हा आकडा कोणी विचारीत नाही.

तिसरी, तोडणी-वाहतुकीच्या उचलीची. मुकादमाला दिलेली उचल, त्याने प्रत्यक्ष आणलेल्या कोयत्यांची संख्या आणि हंगामाअखेर फिटलेली रक्कम, या तीन रकान्यांचा तक्ता मागा. उचल घेऊन टोळीच न आणण्याचे प्रकार महाराष्ट्रभर झाले आहेत. त्यात कधी मुकादम एकटा असतो, कधी आतले कोणी सामील असते. तक्ता मांडल्याशिवाय ते समजत नाही.

चौथी, आमच्या खात्याची. ऊस नोंद, बेणे, खते, औषधे. दर वर्षी आपल्या खात्याचा उतारा घ्या आणि आपण उचललेल्या मालाशी मिळवा. शेती विभागाने कोऱ्या पावतीवर सही मागितली तर देऊ नका, मग मागणारे आम्ही असलो तरी.

बाकी डिझेल, बारदान, मळी, बगॅस, भंगार यांचे तत्त्व एकच. आले किती, गेले किती, शिल्लक किती असायला हवी, आणि प्रत्यक्ष किती आहे. शेवटची मोजणी वही लिहिणाऱ्याने नव्हे, दुसऱ्याने करावी, आणि न सांगता करावी.

तफावत निघालीच तर आरडाओरड न करता आधी वह्या ताब्यात घेऊन सीलबंद कराव्यात. ज्याच्यावर रोख आहे त्याला त्या कामावरून तात्पुरते बाजूला करावे, पण चोर म्हणू नये. त्याचे म्हणणे लेखी घ्यावे. मारहाण, धाकदपटशा करून ‘कबुली’ घेऊ नये. असली कबुली न्यायालयात टिकत नाही आणि माणुसकीतही बसत नाही. वर्षानुवर्षे रजा न घेणाऱ्या, आपल्या टेबलाला दुसऱ्याचा हात लागू न देणाऱ्या कारकुनाचे आपण कौतुक करतो. कौतुक जरूर करावे, पण वर्षातून पंधरा दिवस त्याला सक्तीची रजा देऊन त्या जागी दुसरा बसवावा. प्रामाणिक माणसाचा त्यात काही तोटा नाही. उलट उद्या बालंट आलेच, तर तीच त्याची ढाल.

कायदाही आपल्या बाजूला आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला लेखापरीक्षित ताळेबंद, सभांची इतिवृत्ते आणि संस्थेशी झालेल्या आपल्या व्यवहाराच्या नोंदी पाहण्याचा हक्क आहे. कलम ८१ खाली लेखापरीक्षण होते. कलम ८३ खाली निबंधकांना स्वतःहून किंवा एक पंचमांश सभासदांच्या अर्जावरून चौकशी लावता येते, आणि कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी ठरवून वसुली करता येते. नोकराने केलेला विश्वासघात पूर्वी दंड संहितेच्या कलम ४०८ खाली येत असे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये आला आहे. हत्यारे सगळी आहेत. धार लावणारा हात हवा.

आमची सूचना

प्रत्येक गटात दहा-पंधरा सभासदांचे एक हिशेब अभ्यास मंडळ असावे. त्यात एखादी बचतगट चालवणारी भगिनी अवश्य असावी, कारण दर महिन्याला पै-पैचा मेळ घालण्याची सवय तिला आपल्याहून जास्त असते. महिन्यातून एकदा बसावे. पहिल्या महिन्यात फक्त उसाचे बिल वाचायला शिकावे, दुसऱ्यात काटा पावती, तिसऱ्यात ताळेबंद. शेती विभागाचा माणूस बोलवाल तेव्हा येईल. मंडळाने कोणाला दोषी ठरवू नये; निघालेली तफावत कागदावर मांडून संचालक मंडळापुढे आणि सभेपुढे ठेवावी. अभ्यास मंडळाचा, निर्णय सभेचा. मेंढ्याची रीत ती हीच.

काही मंडळी म्हणतील, यामुळे नोकरांचा अपमान होईल. आम्ही नोकर म्हणून उत्तर देतो, की होणार नाही. आमचा अपमान होतो तो “सगळेच खातात” या शब्दांनी. आमची वही उघडून, मोजून, “बरोबर आहे” असे जो सभासद म्हणेल, त्याच्याइतका मान आम्हांस कोणी दिला नसेल.

प्रवरानगरला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला तेव्हा साध्या शेतकऱ्याने एका मोठ्या अर्थशास्त्रज्ञाच्या शेजारी बसून हिशेब ऐकला. तो वारसा आपला आहे. विदर्भात किती सहकारी कारखान्यांच्या चिमण्या थंड झाल्या हे आपण डोळ्यांनी पाहिले. त्याची कारणे अनेक आहेत, सगळीच चोरीची नाहीत. पण मालकाने मोजणे सोडले, हे त्यांतले एक कारण आहे असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटते.

आईची ती सुतळी आमच्या घरी अजून आहे. येत्या सभेला येताना प्रत्येक सभासदाने आपली अशी एक सुतळी बरोबर आणावी, एवढीच विनंती. विना सहकार नाही उद्धार, हे खरेच. पण हिशेबावाचून सहकार टिकत नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी